चहा कंपनीचा, दालचिनी घरची : कायू आरोतले दिवस

शुक्रवार : पाडांगहून डोंगराकडे

पाडांग हे इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरचं बंदराचं शहर. तिथून कायू आरो चहामळ्यातल्या केरसिक तुओ गावाला जाणाऱ्या गाडीला इथे 'त्रावेल' म्हणतात. आपल्याकडच्या वडापचाच प्रकार, फक्त ड्रायव्हर घरी येऊन घेऊन जातो आणि उतरायचं त्या घराच्या दारात सोडतो. गाडीत सात माणसं, टपावर पोती आणि पायाशी मिरचीच्या रोपांचे ट्रे. सकाळी निघालो की पोचेपर्यंत संध्याकाळ होते.

शहर संपताना इंदारुंगचा सिमेंट कारखाना लागतो. १९१० साली उभा राहिलेला, इंडोनेशियातला पहिला. त्यापुढे सितिंजाऊ लाऊइकचा घाट. कुंभार्ली घाटातून मी लहानपणापासून ये-जा केली आहे, पण इथली वळणं त्याहून उभी आहेत. वळणावर गावातली पोरं उभी राहून ट्रकवाल्यांना हातानं इशारे करतात, खालून कोण येतंय ते सांगतात आणि ड्रायव्हर खिडकीतून त्यांच्या हातावर सुट्टे पैसे ठेवतो.

लुबुक सेलासिहला सोलोकचा रस्ता सोडून गाडी दक्षिणेकडे वळते. आलाहान पान्जांगला थांबलो तेव्हा चांगलीच थंडी होती. दोन्ही बाजूंना छोट्या लाल कांद्याचे वाफे, मागे जुळ्या तलावांपैकी एक. टपरीवर 'तेह तालुआ' घेतला. अंड्याचा बलक आणि साखर फेस येईपर्यंत फेटतात आणि वरून उकळता कडक चहा ओततात. लिंबू पिळल्यावर अंड्याचा वास उरत नाही. घाटानंतर पोटाला मोठा आधार झाला.

मुआरा लाबुहनंतर रस्ता जंगलात शिरतो, पश्चिम सुमात्रा संपून जांबी प्रांत सुरू होतो आणि एका वळणानंतर जंगल एकदम थांबतं. तिथून पुढे फक्त चहा. रस्त्याच्या दोन्ही अंगांना, टेकड्यांवर, ओढ्याच्या काठापर्यंत चहा, आणि त्या सगळ्यावर गुनुंग केरिंची. ३,८०५ मीटर उंचीचा हा इंडोनेशियातला सर्वांत उंच ज्वालामुखी आहे आणि तो अजून जागा आहे. आम्ही पोचलो तेव्हा माथ्यावर धुराची बारीक रेघ होती.

इथे येणारे बहुतेक जण तो डोंगर चढायला येतात. मी गाव बघायला आले होते. गुहागरकडे आमची पोफळीची वाडी आहे. तिच्यात दालचिनी, जायफळ, मिरीचे वेल आहेत. आपल्या वाण्याकडे जाड सालीची दालचिनी मिळते, तशी साल या भागात डोंगरच्या डोंगर भरून पिकते, हे सिंगापूरला नोकरीत असताना ऐकलं होतं. भाषाही तिथेच कामापुरती शिकले. एवढ्या भांडवलावर हा प्रवास ठरवला.

ज्यांच्याकडे उतरले त्या बाईंना सगळे 'इबू' म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. त्यांच्या यजमानांना 'पाक'. रात्री गरम भात, टोफूची भाजी आणि सांबाल, म्हणजे मिरचीची चटणी, इतकी तिखट की जेवताना थंडी विसरले.

शनिवार : पानं, पाठीवरच्या टोपल्या आणि कारखाना

सकाळी सहाला इबूंच्या जाऊबाईंबरोबर मळ्यात गेले. त्या तोडणीवर आहेत. अंगात दोन स्वेटर, पायात गमबूट, कमरेला प्लास्टिकचा कागद गुंडाळलेला. इथली उंची साधारण दीड हजार मीटर, पहाटेचं दव झुडपांवर साचलेलं असतं आणि कागद नसेल तर बाई कमरेपर्यंत भिजते. डोक्यावर बांबूची टोपी, पाठीला टोपली.

माझ्या डोक्यात बोटांनी खुडायचं 'दोन पानं एक कळी'चं चित्र होतं. इथे आता बहुतेक ठिकाणी मोठी कात्री चालते, तिच्या एका पात्याला पानं गोळा करणारी पेटी जोडलेली असते. सपाट भागात दोघांनी दोन बाजूंनी धरायचं यंत्रही फिरतं. यंत्र पुरुष धरतात, कात्री बायका. हातानं खुडलेलं पान चांगलं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पगार किलोवर ठरतो आणि कात्रीनं किलो वाढतात. दहा वाजता वजन झालं. मांडोरनं, म्हणजे मुकादमानं, मूठभर पानं उचलून उलटीपालटी केली, जून काड्या बाजूला काढल्या आणि वहीत आकडा लिहिला. सगळ्या बायकांचे डोळे त्या वहीवर होते.

हा मळा १९२५ साली सुरू झाला. त्याआधी इथे जंगल होतं. केरिंचीचं खोरं डचांनी १९०३ मध्ये जिंकलं. त्यांच्याशी लढलेल्या दपाती पार्बोंना दूर तेर्नातेला हद्दपार केलं गेलं. इथल्या छोट्या विमानतळाला आज त्यांचं नाव आहे. जिंकलेल्या डोंगरावर 'हँडेल्सफेरएनिगिंग आम्स्टरडॅम' या बलाढ्य डच कंपनीने चहा लावला. १९५७च्या डिसेंबरात इंडोनेशियानं डच कंपन्या ताब्यात घ्यायला सुरुवात केली, पुढच्याच वर्षी राष्ट्रीयीकरणाचा कायदा आला आणि मळा सरकारी झाला. मालक बदलला तरी 'आफ्देलिंग', म्हणजे मळ्याचे विभाग, आणि मांडोर तसेच राहिले.

कारखान्यात परवानगी काढून जाता आलं. आत शिरल्यावर आधी येतो तो वास, ओल्या गवताचा आणि पिकल्या फळाचा मिळून. लांब हौदांवर पानं पसरून खालून हवा सोडतात आणि रात्रभर कोमेजू देतात. मग पानं वळणारी यंत्रं, मग आंबवण, म्हणजे हवेशी संयोग होऊन पान तांबडं होणं, मग गरम हवेत वाळवण आणि शेवटी चाळण्यांवर प्रतवारी. आपल्या घरातल्या दाणेदार सीटीसी चहाची पद्धत वेगळी, तिथे पान दातेरी रुळांमध्ये चिरडतात. इथला चहा जुन्या ऑर्थोडॉक्स पद्धतीचा. दूध घातलं तर तो मरतो. कोरा, भरपूर साखर घालून प्यायचा.

चाळणीपाशी उभ्या असलेल्या माणसानं सांगितलं की वरची प्रत बाहेरच्या देशांत जाते. दुपारी इबूंनी दिलेला चहा त्याच कारखान्याचा, पण खालच्या प्रतीचा होता. तो मला आवडला, दोन कप प्यायले.

रविवार : बेदेंग

आजचा दिवस वस्तीत गेला. 'बेदेंग' म्हणजे मजुरांची चाळ. डचांनी त्यांना आकडे दिले होते आणि काही गावांची नावं अजून तशीच आहेत, बेदेंग आठ वगैरे. लाकडी भिंती, पत्र्याची छपरं, एका रांगेत घरं, आणि प्रत्येक दारासमोर वीतभर जागेत कांद्याची पात, मिरची, झेंडू.

इथले लोक सुमात्रातले असून घरात जावानीज बोलतात. बाजारात गेले की पश्चिम सुमात्राची मिनांग, खालच्या खोऱ्यातल्या माणसाशी केरिंची, शाळेत इंडोनेशियन. पाचवीतली मुलगी या चार भाषांतून ये-जा करताना पाहिली. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा जावातून करारावर आणलेले. इबूंच्या आजोबांना मध्य जावातल्या गावी कोणीतरी आगाऊ रक्कम दिली, कागदावर अंगठा घेतला आणि बोटीत बसवलं. कुठे चाललोय हे त्यांना पाडांगला उतरेपर्यंत माहीत नव्हतं, असं घरात सांगतात.

त्या कागदामागचा कायदा समजून घेण्यासारखा आहे. १८८० साली डच सरकारनं उत्तर सुमात्रातल्या देलीच्या तंबाखू मळ्यांसाठी कुली कायदा केला, मग तो इतर भागांतही नेला. करार मोडून पळालेला किंवा काम नाकारणारा मजूर त्या कायद्यानं गुन्हेगार ठरे आणि त्याला तुरुंगात टाकता येई. मालकानं करार मोडला तर त्याच्यावर अशी वेळ क्वचितच येई. अमेरिकेनं १९३०च्या जकात कायद्यात अशा सक्तीच्या मजुरीचा माल रोखायची तरतूद केली, सुमात्राच्या तंबाखूची बाजारपेठ धोक्यात आली, आणि १९३१ पासून ती फौजदारी तरतूद टप्प्याटप्प्यानं काढली गेली. मजुरांच्या हालांबद्दलचे अहवाल त्याच्या कितीतरी आधी, १९०४ पासून, सरकारच्या कपाटात होते.

हे ऐकताना मला बीडच्या ऊसतोड कामगारांची उचल आठवत होती. दिवाळीआधी हातात पडलेले पैसे, कोयत्याची जोडी, मुकादमाची वही, हंगाम संपला तरी न फिटलेला आकडा. देलीत करार संपायच्या वेळी जुगाराचे अड्डे लागत, हातातले पैसे जात आणि माणूस पुन्हा अंगठा देई. उचल देऊन माणूस बांधून ठेवायची रीत समुद्राच्या दोन्ही बाजूंना सारखीच निघाली, याचा मला दिवसभर त्रास होत राहिला.

संध्याकाळी शाळेच्या मैदानावर 'कुडा केपांग' होता. बांबूच्या विणलेल्या घोड्यांवर स्वार होऊन तरुण पोरं नाचतात, गामेलान हा जावाचा वाद्यवृंद आणि ढोल वाजत राहतात, मग एकेकाच्या अंगात येतं. पोरं जमिनीवर लोळतात, एकानं तर नारळ दातांनी सोलला, आणि म्हातारा गुरू कानाशी काही पुटपुटून त्यांना भानावर आणतो. हा जावाचा खेळ. ज्यांनी जावा कधी पाहिलेली नाही ती चौथ्या पिढीची मुलं तो इतक्या मन लावून करतात की मैदानातलं कुणी शेवटपर्यंत हललं नाही.

रात्री इबूंना विचारलं, हे घर तुमचं का? त्या म्हणाल्या, हे आमचं, जाऊबाईंचं कंपनीचं. नवरा-बायकोपैकी कोणी कामावर असेतोवर राहायचं, निवृत्त झालं की सोडायचं. मळ्याची जमीन कंपनीचीसुद्धा नाही. १९६०च्या शेतजमीन कायद्यानुसार ती सरकारची, कंपनीकडे 'हाक गुना उसाहा' हा दीर्घ मुदतीचा पट्टा असतो, पंचवीस ते पस्तीस वर्षांचा आणि पुढे वाढवता येणारा. म्हणजे शंभर वर्षं चार पिढ्यांनी जी जमीन कसली, तिच्यावर त्यांचं नाव कधी लागलंच नाही. म्हणून इबूंच्या सासऱ्यांनी पहिली संधी मिळताच मळ्याबाहेर, खाली सिउलाकच्या बाजूला, उतारावरचा तुकडा घेतला आणि दालचिनी लावली.

सोमवार : दालचिनीच्या उतारावर

ज्यासाठी आले होते तो दिवस. पाकांच्या मोटरसायकलवर मागे बसून तासाभर खाली उतरलो. चहा संपतो, भातखाचरं दिसायला लागतात आणि त्यांच्यावरच्या डोंगरउतारांवर मधूनमधून लालसर झाक. ती कोवळी दालचिनी. या जातीची, सिनामोमम बर्मानीची, पालवी तांबडी येते आणि हळूहळू हिरवी होते. पालवी हिरवी होऊन पाऊस सुरू झाला की साल खोडापासून सहज सुटते, तेव्हा तोड करायची. हे पाकांनी एका झाडाला सुरीचं टोक लावून दाखवलं: साल लगेच सुटली आणि आतलं खोड ओलं, गुळगुळीत निघालं.

शेजारच्या वाडीत तोड चालू होती. आधी उभ्या झाडाच्या बुंध्यावरचं शेवाळ आणि बाहेरचा खरबरीत पापुद्रा खरवडून काढतात. मग साधारण हातभर अंतरावर दोन गोल खाचा, त्यांच्यामध्ये उभी चीर, आणि सुरीच्या पाठीनं साल उचलत न्यायची. हात पोचेल तिथवर साल काढून झाली की झाड पाडतात आणि वरच्या खोडाची, फांद्यांची साल आडव्यावर काढतात. दोन माणसं खोड सोलत होती, एक बाई फांद्या, तिची मुलगी पट्ट्या पसरत होती. हवेत असा गोड, जळजळीत वास होता की घशाला कोरड पडली. उन्हात पट्ट्या आपोआप आत वळतात आणि नळ्या होतात. लाकूड जळणाला जातं. बुंधा ठेवतात, त्याला पुन्हा फुटवे येतात.

पाकांनी मला त्यांची झाडं एकेक करून दाखवली. काही त्यांच्या वडिलांनी लावलेली, त्यांच्या खोडाला माझ्या दोन्ही हातांची कव बसेना. काही त्यांच्या मोठ्या मुलीच्या जन्मानंतर लावलेली. पहिली काही वर्षं रोपांच्या मधे मिरची, भुईमूग, कॉफी घेतात; सावली वाढली की कॉफी तेवढी राहते आणि मग झाडांना एकटं सोडतात. आठ-दहा वर्षांनी तोडता येतं, पण थांबलं तर साल जाड होते, भाव वाढतो. त्यामुळे भाव पडला तर तोडायचंच नाही. झाड उभं राहतं, सडत नाही, खत मागत नाही. हजची यात्रा, लग्न, कॉलेजची फी, आजारपण, यासाठी किती झाडं काढावी लागतील याचे हिशेब इथे बोटांवर असतात.

आमच्याकडे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं 'कोकण तेज' ही जात दिली आहे, ती श्रीलंकेच्या प्रकारची. तिची साल पातळ आणि नाजूक, वास सौम्य. आम्ही झाड वाढूच देत नाही; बुडातून येणारे अंगठ्याएवढे फुटवे कापतो आणि त्यांची साल काढतो. पानं तमालपत्र म्हणून वापरतो, विकतोही. दोन्ही झाडं एकाच कुळातली, पण त्यांना वाढवणाऱ्यांच्या गरजा वेगळ्या आहेत. आम्हाला दरवर्षी थोडंथोडं हवं असतं. पाकांना असं काहीतरी हवं होतं, जे उभं राहील, ज्याच्यावर कंपनीचा हात नसेल आणि जे वाईट वर्षात उपयोगी पडेल. हे मला वासापेक्षाही जास्त लक्षात राहिलं.

दुपारी झापाखाली बसून जेवलो. 'काव्वा' प्यायला दिला, कॉफीच्या वाळवून भाजलेल्या पानांचा काढा. डचांच्या सक्तीच्या लागवडीत बिया सरकारला द्याव्या लागत, पानं घरात राहत, असं इथे सांगतात. चव चहा आणि भाजलेल्या गवताच्या मधली.

मंगळवार : बटाटे आणि जंगलाची कड

चौकात वाघाचा पुतळा आहे, 'तुगू माचान'. तिथून एक रस्ता डोंगराच्या पायथ्याकडे जातो. चहा संपल्यावर बटाटा सुरू होतो आणि थेट जंगलापर्यंत पोचतो. माती काळी, भुसभुशीत, ज्वालामुखीची. कोकणातल्या लाल मातीत वाढलेल्या माणसाला तिचा हेवा वाटतो. वर्षभर काहीतरी उभं असतं, बटाटा, कोबी, मिरची, गाजर. माल पाडांग, जांबी आणि त्यापलीकडे जातो.

पण इथे मन प्रसन्न झालं नाही. धुक्यात बुरशी लवकर धरते, म्हणून फवारणी सतत. पाठीवर पंप घेतलेल्या मुलाच्या तोंडावर साधा रुमालही नव्हता. सरी उताराच्या दिशेनं सरळ खाली काढलेल्या, पावसात काळं पाणी वाहत होतं. विचारलं तर तो म्हणाला, आडव्या सरीत पाणी साचतं आणि बटाटा कुजतो.

वर 'पिंतू रिंबा' आहे, जंगलाचं दार, १,८०० मीटरच्या आसपास. तिथून केरिंची सेब्लात राष्ट्रीय उद्यान सुरू होतं, जवळपास पावणेचौदा लाख हेक्टर. सुमात्रन वाघाचं हे मोठं घर, २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात. आत पाऊल टाकलं की आवाज बदलतो, गिबन वानरांच्या हाका दरीतून येतात. पण कडेवर उभं राहिलं की दिसतं, शेतं दाराच्याही वर काही ठिकाणी आत गेली आहेत.

ती शेतं कुणाची, हे बरोबरच्या वाटाड्याने नाव न घेता सांगितलं. ज्यांच्या वडिलांना मळ्यात काम होतं पण मुलांना मिळालं नाही, त्यांची. खाली सपाट, चांगली जमीन चहाखाली. खोऱ्यातली भातजमीन मूळ केरिंची घराण्यांची, मातृवंशानं चालणारी, बाहेरच्याला सहसा मिळत नाही. मग जायचं कुठे? वर. जंगल राखणाऱ्यांची बाजू मला पटते, वाघाला जागा हवीच. पण मधली हजारो हेक्टर सपाटी जागेवर ठेवून फक्त वरच्या बटाटेवाल्याला दोष देणं मला न्यायाचं वाटत नाही.

परतताना बाजारात 'दोदोल केंतांग' घेतला, बटाट्याचा चिवट, गोड हलवा, कागदाच्या पुरचुंडीत. इबूंच्या धाकट्यानं अर्धा वाटेतच संपवला.

बुधवार : सुंगाई पनूह

पाकांना भाव विचारायचा होता, म्हणून आम्ही दोघं खाली खोऱ्यातल्या सुंगाई पनूह शहरात गेलो. १९९५च्या ऑक्टोबरातल्या भूकंपात या खोऱ्याचं मोठं नुकसान झालं होतं. जुनी लाकडी घरं उभी राहिली आणि विटांची पडली, असं गाडीत शेजारच्या आजींनी सांगितलं.

दालचिनीच्या व्यापाऱ्याच्या गोदामात बायका जमिनीवर बसून नळ्यांची निवड करत होत्या. जाड, तपकिरी, जुन्या खोडाची साल एका बाजूला. फांद्यांची पातळ दुसऱ्या. तुकडे आणि भुगा तिसऱ्या. इथून माल ट्रकनं पाडांगच्या तेलुक बायुर बंदरात जातो आणि तिथून जगभर. व्यापाऱ्यानं सांगितलेला भाव पाकांना पसंत पडला नाही. त्यांनी वाद घातला नाही, दुसऱ्या गोदामात गेले, तिथेही तोच भाव होता.

बाहेर चहा पिताना त्यांनी मला आमच्या कोकण तेजबद्दल पुन्हा विचारलं. किती वर्षांनी पहिली तोड? चार-पाच. मग? फुटव्यांवर, एक-दोन वर्षांनी पुन्हा. त्यांनी बराच विचार केला आणि मान हलवली. दरवर्षी तोडायचं म्हणजे दरवर्षी माणसं लावायची, आणि भाव पडलेल्या वर्षीही तोडायचंच. बारीक काड्यांची साल काढायला कुशल हात लागतात, ते त्यांच्याकडे नाहीत. त्यांना हवं ते झाड त्यांच्याकडे होतं.

मुलीची फी जुलैत भरायची आहे. झाडं या वर्षी तोडायची नाहीत, फी बटाट्यातून काढायची, असं त्यांनी ठरवलं. मग आम्ही खताच्या दुकानात गेलो, त्यांनी दोन पोती घेतली, ती त्रावेलच्या टपावर बांधली आणि अंधार पडायच्या आत वर निघालो.